वरच्या मजल्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये

"चौथी पायरी नीट करून घे, पोरी. ती बोलायला लागलीय."

दोना एर्मेलिंदाने मला हे सांगितलं तेव्हा सप्टेंबर चालू होता. तिच्या काखेत ओल्या चादरींची टोपली होती आणि माझ्या काखेत लुझिया. लुझियाने नुकतंच तोंडात काहीतरी टाकलं होतं. ते बटण आहे की मनुका, हे बोटाने चाचपून बघण्यात मी गुंतले होते. त्यामुळे मी "हो हो, आवेलिनोला सांगते" असं, दारावर झाडू विकायला आलेल्याला म्हणावं तसं म्हणाले आणि आत गेले. मनुका होती.

आता हे वाचून कोणी मला निष्काळजी म्हणेल, म्हणून आधीच सांगते. मी द्राक्षाचे चार तुकडे करणारी आई आहे. उभे. आमच्या घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला मी स्पंज चिकटवलेला आहे. त्यावर आवेलिनोच्या मांड्या आपटून आपटून स्पंजच बिचारे जखमी झाले आहेत. लुझिया झोपली की तिच्या नाकाखाली मी बोट धरून बघते, आणि बोटाचा भरवसा नाही म्हणून आरसाही धरते. कॉलेजात माझा विषय संख्याशास्त्र होता. घरात माणसं कशाकशाने मरतात याचे तक्ते मी हौसेने वाचलेले आहेत, आणि जिना त्यांत बराच वर असतो हे मला चांगलं माहीत होतं. पण ते तक्ते माझ्या मनात नेहमी लुझियाच्या पायांना लागू व्हायचे. वरच्या मजल्यावरच्या एक्याऐंशी वर्षांच्या पायांना ते लागू होतात, हे सुचलंच नाही.

आवेलिनोला सांगितलं मात्र होतं. तो म्हणाला, "शनिवारी बघतो." आवेलिनोचे शनिवार कसे असतात ते त्याच्या आईलाही कळलं नव्हतं, आणि ती बाई त्याला छत्तीस वर्षं ओळखत होती.

या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, नाव बेनविंदा. घर त्यांचं. खाली त्या, वर दोना एर्मेलिंदा, असा एकतीस वर्षांचा शेजार. दोघी पोर्तुगालच्या अझोर्समधल्या एकाच बेटावरच्या, दोघी इथे अमेरिकेत फॉल रिव्हरच्या एकाच शिवणाच्या गिरणीत आणि दोघी अकाली विधवा. सासूबाई गेल्या तेव्हा लुझियाला चालताही येत नव्हतं. आम्हाला घर मिळालं, घरासोबत भाडेकरू मिळाली आणि भाडेकरूसोबत ठोके मिळाले.

ठोक्यांची गोष्ट अशी. तळघरातल्या बॉयलरमधून घर तापवणाऱ्या वाफेचा एक जाड लोखंडी नळ निघतो, आमच्या स्वयंपाकघरातून वर जातो आणि दोना एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात शिरतो. रोज सकाळी सात वाजता ती वरून चमच्याने नळावर दोन ठोके द्यायची. टक, टक. म्हणजे, 'उठले. आहे.' मग खालून सासूबाई लाकडी डावाने एक ठोका द्यायच्या. म्हणजे, 'ऐकलं.' तीन ठोके म्हणजे 'ये'. ते एकतीस वर्षांत एकदाच झाले, तिचा नवरा न्हाणीघरात कोसळला तेव्हा. आमच्या टेकडीवरच्या वस्तीत एकट्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत. कोणी सकाळी खिडकीचा पडदा ठरलेल्या उंचीला चढवतं, कोणी दाराबाहेर दिवा लावतं. उंची चुकली की शेजारीण सूप घेऊन वर. आमच्याकडे ठोके.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी डाव माझ्या हातात दिला होता. "बाकी काही सांभाळलं नाहीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "हे चुकवू नकोस. तिला दुसरं कोणी नाही." बाकी बरंचसं मी सांभाळलं नाही. हे मात्र दोन वर्षं एक दिवसही चुकवलं नाही. तो डाव अजून नळाजवळच्या खिळ्यावर आहे.

ऑक्टोबरात पायरी गेली.

मी स्वयंपाकघरात होते. आधी आवाज आला तो लाकडाचा, मग टोपलीचा, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला मी धावले. दोना एर्मेलिंदा मागच्या जिन्याच्या तळाशी बसली होती, चादरी अंगावर, उजवा हात भलत्याच दिशेला. ती म्हणाली, "सांगितलं होतं ना, बोलायला लागलीय म्हणून." हॉस्पिटलात मीच नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तिथल्या बाईने फॉर्म भरताना विचारलं, "कुणाच्या जिन्यावरून?" मी हात वर केला. शाळेत उत्तर येत असलं की करायचे तसा.

महिनाभर मी तिला सूप नेऊन दिलं, केस विंचरून दिले, डाव्या हाताने ठोके कसे द्यायचे यावर आम्ही हसलो. मग एक दिवस दार वाजलं. दारात एक सभ्य मुलगी, हातात पाकीट. "ओडिलिया मेदेइरोस आपणच का?" मला वाटलं, लुझियाच्या बुटांचं पार्सल. मी अगदी गोड हसून "हो, मीच" म्हणाले. तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि तितक्याच गोडपणे सांगितलं, "आपल्यावर दावा दाखल झाला आहे. आपला दिवस चांगला जावो."

वादी: एर्मेलिंदा आरुदा. प्रतिवादी: मी आणि आवेलिनो. पायरी मोडकी आहे हे मालकांना ठाऊक असूनही त्यांनी हेतुपुरस्सर दुर्लक्ष केलं, वगैरे. खाली ज्या वकिलाची सही होती, तो बसगाड्यांच्या पाठीवरच्या जाहिरातींत दात दाखवत गावभर फिरतो. मी वर छताकडे बघितलं. वर सपाता फरफरत स्वयंपाकघरातून खोलीत गेल्या. रोजच्यासारख्याच.

समोर ओमेर तिबो राहतो. त्याची तीन घरं आहेत आणि त्याच्यावर दोन दावे होऊन गेलेत. ते तो युद्धातल्या जखमांसारखे सांगतो. पाकीट मी उघडून पुरतं वाचायच्या आत तो आमच्या पायरीवर हजर.

"पायरी दुरुस्त केलीत?" त्याने विचारलं.

"शनिवारी करणार आहे," आवेलिनो म्हणाला.

"खबरदार! तो पुरावा आहे. हात लावलात तर म्हणतील, पुरावा नष्ट केला."

"मग नको करू?"

"नको कशी? उद्या पोस्टमन पडला म्हणजे? दुसरा दावा!"

"म्हणजे करू की नको?"

ओमेरने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी असतो," तो म्हणाला, "तर मुळात ती मोडूच दिली नसती."

दोन दिवसांनी नगरपालिकेचा माणूस आला आणि पायरी ताबडतोब बदला असं सांगून गेला. त्याच दुपारी आमच्या घराच्या विमा कंपनीच्या ग्रेडी नावाच्या माणसाचा फोन आला, की पायरी आहे तशी जपून ठेवा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे चौथी पायरी. शेवटी तोड निघाली. सुताराने पायरी अखंड कापून काढली, तिचे चाळीस फोटो निघाले, तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, तिच्यावर नंबराची चिठ्ठी बांधली आणि तळघरात सासूबाईंच्या मुरंब्यांच्या बरण्यांशेजारी फळीवर आडवी निजवली. तिच्या जागी नवी, पिवळीधमक पायरी बसली, जुन्या जबड्यात सोन्याचा दात बसवावा तशी.

तळघरात कपडे धुवायला उतरलं की ती लांबट, पांढरी, गुंडाळलेली वस्तू दिसायची. मी तिच्याकडे पाठ करत नसे. लाकूड सुकताना कुरकुरतं, हे मला माहीत आहे. पण ती नेमकी मी शेवटच्या पायरीवर पाय ठेवला की कुरकुरायची.

ग्रेडी फोनवर फार प्रेमळ बोलायचा. दाताच्या डॉक्टरसारखा. "मॅडम, तुम्ही काही काळजी करू नका. फक्त वादीशी बोलू नका. माफी तर अजिबात मागू नका. माफी म्हणजे कबुली."

"सूप?"

"सूप म्हणजे काय, मॅडम?"

"रोज देते मी. केल नावाच्या पालेभाजीचं."

"सूप माफीसारखं दिसू शकतं," तो म्हणाला. "बंद करा. आणि एक वही ठेवा. वरच्या मजल्यावर काय होतं, कधी होतं, तारीखवार, वेळेसकट. कोर्टात वही फार उपयोगी पडते."

मग मी ठोक्यांबद्दल विचारलं. आम्ही एका नळावर ठोकतो, याला बोलणं म्हणायचं का? ग्रेडीने मला तीनदा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि लेखी पाठवा म्हणाला. मी एका कागदावर नळ काढला, मजले काढले, ठोक्यांचे अर्थ लिहिले आणि पाठवलं. तीन आठवड्यांनी विमा कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं, एका वाक्याचं: 'वादीशी तोंडी, लेखी अथवा अन्य कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये.' आवेलिनोने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"नळ कशात येतो?" मी विचारलं.

"'अन्य'मध्ये," तो म्हणाला. "ऐक ना, ओडिलिया. विम्याने हात वर केले तर घर जाईल. आईचं घर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वरून आलं: टक, टक.

मी डाव खिळ्यावरून काढला नाही.

वर कोणीतरी चमचा हातात घेऊन उभं आहे, हे छतातून कळत होतं. लुझिया खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. "ममा, वावो ठोकतेय." आमच्याकडे कुठल्याही म्हातारीला वावोच म्हणतात. मी तिच्या तोंडात पावाचा तुकडा दिला आणि वहीत लिहिलं: ७.००, दोन ठोके. उत्तर दिले नाही.

असं रोज. ती रोज ठोकायची, रोज थांबायची. दहा मोजेपर्यंत. मग सपाता फरफरत जायच्या. आठ दिवसांत मला त्या सपातांची भाषा येऊ लागली. कधी ती चुलीजवळ आहे, कधी खिडकीशी, कधी माझ्या अगदी डोक्यावर उभी राहून ऐकतेय. मी भांडी आपटायचं सोडलं. लुझियाला मोजे घातले. एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींचं भूत होऊन राहत होतो, आणि आपण जिवंत आहोत याचा पुरावा मागे राहू नये म्हणून दोघी धडपडत होतो.

तिची न मोडलेली जीभही काही गप्प बसणारी नव्हती म्हणा. एकदा मोरी तुंबली. दोना एर्मेलिंदा जिन्याच्या चौकात आली, कोनाड्यातल्या सेंट अँथनीसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, हरवलेल्या वस्तू शोधून देतोस ना? मग खालच्या मजल्यावर एक घरमालकीण हरवलीय. तिला सांग, माझी मोरी वर येतेय."

मी दारात होते. मी लुझियाला म्हणाले, "लुझिया, काय गं, प्लंबर उद्या नऊला येणार आहे ना?"

लुझिया म्हणाली, "कोण?"

"देवा, लेकरू किती वाळलंय बघ," वरून सेंट अँथनीला कळवण्यात आलं. "सूप स्वतःच पीत असेल सगळं."

मी आत येऊन वहीत लिहिलं: वादीने संताशी संभाषण केले. ग्रेडीला ती नोंद फार आवडली.

जानेवारीत मोठं वादळ आलं. आवेलिनो नगरपालिकेची बर्फ लोटायची गाडी चालवतो, तो बुधवारी दुपारी गेला तो परत येणार शुक्रवारी. गुरुवारी पहाटे वीज गेली. वीज गेली म्हणजे बॉयलर गेला. मी लुझियाला दोन स्वेटर आणि माझा कोट घातला, गॅसच्या शेगडीजवळ बसवलं आणि घड्याळाकडे बघत राहिले.

सात वाजले. ठोके नाहीत.

सात वीस. नाहीत. आधी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. दमली एकदाची, म्हटलं. वहीत लिहिलं: ७.००, ठोके नाहीत. आणि मग लक्षात आलं की सपाताही नाहीत. छत इतकं गप्प होतं की बर्फ कौलांवर बसताना ऐकू येत होता.

आठ वाजून पाच मिनिटांनी नळ वाजला. टक, टक… टक.

तीन. मी चुकीचे मोजले असतील म्हणून पुन्हा येतात का ते ऐकत बसले. लुझिया कपातलं दूध सोडून नळाकडे बघत होती. "वावो बोलावतेय," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं. हो, आधी वहीत लिहिलं. ८.०५, तीन.

मग ग्रेडीला फोन लावला. वाद्यवृंद वाजला, आणि एक रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली की हवामानामुळे कार्यालय बंद आहे, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आवेलिनो फोन घेईना. मी खिडकी उघडून समोर ओरडले. ओमेर फावडं घेऊन दारात उभा होता.

"ओमेर! वरून तीन ठोके आले! मी वर जाऊ का?"

"डोकं फिरलंय का?" तो बर्फातून ओरडला. "सापळा आहे! उद्या म्हणतील, मालकीण जबरदस्तीने घुसली! चोवीस तासांची नोटीस द्यावी लागते!"

"आणि ती पडली असली तर?"

"तर नोटीसमध्ये तसं लिही!"

आठ चाळीसला पुन्हा तीन. मी कॉलेजात शिकलेली बाई, टेबलाशी बसले आणि चोवीस तासांची नोटीस लिहायला घेतली. पहिली फाडली, कारण तिच्यात 'प्रिय' लिहिलं गेलं होतं. दुसरीत 'काळजी वाटते' असं आलं, आणि काळजी माफीसारखी दिसू शकते. साडेनऊला पुन्हा तीन, सावकाश, शेवटचा अगदी उशिराने, म्हातारं माणूस जिना चढताना शेवटच्या पायरीवर थांबतं तसा. तिसरी नोटीस जमली. लुझियाला काखेत घेऊन मी पुढच्या जिन्याने वर गेले आणि दाराखालून कागद सरकवला.

कागद अर्धा आत गेला आणि अडला.

मी ढकलला. आत काहीतरी मऊ होतं. ढकललं की किंचित हलत होतं आणि पुन्हा जागेवर येत होतं. लुझियाने माझ्या मानेत तोंड खुपसलं. खालून, आमच्याच रिकाम्या स्वयंपाकघरातून, नळ वाजला. एकच ठोका.

मग मी कायदा वगैरे सगळं सोडलं आणि किल्ली लावली.

दाराला अडकली होती ती एक सपात. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या उंबऱ्यात, दोना एर्मेलिंदा कुशीवर पडलेली, प्लास्टरचा हात अंगाखाली, ओठ निळे. मी गुडघ्यावर बसले आणि सवयीने तिच्या नाकाखाली बोट धरलं. तिने डोळे उघडले.

"इतका वेळ?" ती म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता. "ठोकतेस, आणि येत नाहीस. ही कसली रीत?"

"मी नाही ठोकलं, दोना एर्मेलिंदा. तुम्हीच तर…"

"मी? मी रात्रीच्या जेवणापासून इथे आहे. कशाने ठोकू, नाकाने?" तिने श्वास घेतला. "खालून येत होता. एक. मग बऱ्याच वेळाने परत एक. 'ऐकलं.' मी म्हटलं, चला, पोरीने वकिलाला झुगारलं. आता येईल. आता येईल म्हणून डोळा मिटला नाही. मिटला असता तर थंडीने इथेच संपले असते."

मी माझा कोट तिच्यावर घातला. ब्लँकेट आणायला स्वयंपाकघराकडे धावले. स्वयंपाकघराचं दार बंद होतं, थंडी येऊ नये म्हणून खालच्या फटीत फडकं कोंबलेलं. आत कोणी नव्हतं. चमचा नळाजवळ खिळ्यावर होता, स्थिर. हलत असता तर निदान वारा म्हणता आलं असतं. नळाला हात लावला. बर्फासारखा गार.

अग्निशमन दलाचे चौघे आले. पुढचा जिना अरुंद म्हणून त्यांनी तिला मागच्या जिन्याने न्यायचं ठरवलं. स्ट्रेचरवरून ती त्या धिप्पाड माणसांना म्हणाली, "जपून रे बाबांनो, चौथी पायरी."

"ती नवी आहे!" मी वरून ओरडले.

"कळलं हो," ती म्हणाली. "दावा लावल्यावर झाली."

ते गेल्यावर मी बॉयलर बघायला तळघरात उतरले. मुरंब्यांच्या बरण्या जागच्या जागी होत्या. फळी रिकामी होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चौथी पायरी नळाला टेकून उभी होती, नंबराची चिठ्ठी आमच्याकडे करून. तळघराची खिडकी आतून बंद होती. ती मीच बंद केली होती, लुझिया बाहेर पडू नये म्हणून, दोन कड्यांनी.

आवेलिनोचं म्हणणं, गार झालेला नळ आक्रसतो आणि वाजतो, आणि फळीवरून लाकूड घसरू शकतं. ओमेरचं म्हणणं, वाफ. बॉयलर बंद होता असं सांगितलं तर तो म्हणतो, उरलेली वाफ. मी संख्याशास्त्र शिकले आहे. उरलेली वाफ तीन मोजून देत नाही, एवढं मला येतं.

हॉस्पिटलात तिचा दूरच्या गावी राहणारा पुतण्या नॉर्बर्तो खाली मान घालून बसला होता. मी सरळ विचारलं, "दोना एर्मेलिंदा, माझ्यावर दावा का लावलात?"

"तुझ्यावर कुठे गं!" ती खरोखर चकित झाली. "विम्यावर. नॉर्बर्तो म्हणाला, हॉस्पिटलचा खर्च विम्याकडून वसूल करायचा तर कागदावर मालकाचं नाव लागतं. नुसतं नाव. मला वाटलं, तुला माहीत असेल. शिकलेली आहेस."

"मग माझ्याशी बोलला का नाहीत?"

"माझा तो दातवाला वकील म्हणाला, एक अक्षर बोलायचं नाही. ठोक्यांचं विचारलं तर हसला. त्याने मना केलं नाही, म्हणून मी ठोकत राहिले." मग ती म्हणाली, "तू थांबलीस, तेव्हा मात्र वाटलं की दावा खरंच तुझ्यावर असेल."

मार्चमध्ये माझी जबानी झाली. एका लांब टेबलाशी दातवाला, विम्याचा वकील, आणि कोपऱ्यात ग्रेडी. तो प्रत्यक्षात फारच तरुण आणि चिंताक्रांत निघाला. दातवाल्याने विचारलं, पायरीबद्दल वादीने आपल्याला आधी सांगितलं होतं का? ग्रेडीने मला शिकवलेलं उत्तर होतं, 'मला आठवत नाही'. मी म्हणाले, "हो. सप्टेंबरात. तिच्या काखेत टोपली होती. मी लक्ष दिलं नाही." ग्रेडीने डोळे मिटले.

मग दातवाल्याने माझी वही पुढे सरकवली. कोर्टात वही फार उपयोगी पडते, हे ग्रेडीने खरंच सांगितलं होतं. "गुरुवारचं पान वाचा, मॅडम."

मी वाचलं. "आठ पाच, तीन. आठ चाळीस, तीन. साडेनऊ, तीन."

"तीन म्हणजे काय?"

"'ये.'"

"आणि आपण वर किती वाजता गेलात?"

"सव्वादहाला."

"मधले दोन तास दहा मिनिटं आपण काय करत होतात?"

मी म्हणाले, "नोटीस लिहीत होते." टंकलेखिकेची बोटं थांबली. कॉलेजात, लग्नात, बाळंतपणात, कुठेही मला इतकी लाज वाटली नव्हती. तिथे मी माफी मागितली. सगळ्यांसमोर, लेखी नोंद होत असताना. ती कबुलीसारखी दिसली असेल. ती कबुलीच होती.

आठवड्याभरात विम्याने तडजोड केली. घर गेलं नाही. ग्रेडीने जाताजाता हळूच विचारलं, "मॅडम, पण ते ठोके कोणी दिले?" मी म्हटलं, "लेखी पाठवा, विचारून सांगते."

ईस्टरच्या आधी दोना एर्मेलिंदा घरी आली. मी गोड पाव केला, तिने तो कोरडा झालाय म्हणून सेंट अँथनीला सांगितलं. चौथी पायरी पुरावा म्हणून कोणालाच नको होती. आवेलिनो ती जाळून टाकणार होता, तीसुद्धा चक्क शनिवारी. मी जाळू दिली नाही. ती तळघरात आहे, नळाला टेकून उभी. आता मी तिच्याकडे पाठ करते.

रोज सात वाजता वरून दोन येतात, आणि लुझिया स्टुलावर चढून डावाने एक देते. स्टुलाला चारी बाजूंनी स्पंज आहे. कधीकधी तिच्या ठोक्यामागून, अगदी खालून, आणखी एक येतो. वरून दोना एर्मेलिंदाचा आवाज येतो, "तुझं नाही गं, बेनविंदा, पोरीचं ऐकलं मी." आम्ही त्याची नोंद ठेवत नाही.

तुमच्याही वर कोणीतरी असेल. किंवा खाली, किंवा भिंतीपलीकडे, एकटं. हे वाचायचं थांबवा आणि आज सकाळपासून त्यांच्या सपाता ऐकल्यात का, ते आठवा. आठवत नसेल तर उठा, वर जा, दार वाजवा. नोटीस लिहीत बसू नका. आणि बोलावणं आलंच, तर ते नक्की कुणी दिलं, हे नंतर विचारा. आधी जा.